कापगते सरांचं बिनतारी मीटर

लाखांदूरला आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळच्या बातम्या चालू असताना रेडिओत मध्येच टिक्‌ टिक्‌ असा आवाज येऊ लागला, की वत्सलावहिनी हातातलं काम टाकून चुलीवर चहा ठेवायच्या. टिकटिक आधी बारीक असायची, मग मोठी व्हायची, इतकी की बातम्या सांगणाऱ्याचे शब्दच खाऊन टाकायची. मग दोन टिकांमधलं अंतर वाढायचं आणि आवाज एकदम बंद पडायचा. पाठोपाठ फाटकाची कडी वाजायची आणि कापगते सर सायकल आत घ्यायचे.

पहिल्या दिवशी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऐंशी सालाच्या सुमारास मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला गेले. वर्ध्याहून नेलेली एक ट्रंक, एक गादी आणि वडिलांनी दिलेला छोटा रेडिओ, एवढाच माझा संसार. खोली मिळाली ती कापगते सरांच्या घराला लागून. रेडिओ टिकटिकू लागला तेव्हा तो एस.टी.त आदळून बिघडला असं मला वाटलं. तो तसाच उचलून मी शेजारी गेले. वहिनींनी तो कानाला लावला आणि हसल्या.

"बाई, तुमचा रेडू चांगला हाये. आमचे मास्तर येऊन राह्यले. आता हनुमानाच्या मंदिरापाशी असतीन."

तेवढ्यात सर आलेच. उंच, काटकुळे, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, छत्री सायकलच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली. हँडलवर खिशात मावेल असा एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बाजूला पत्र्याचा एक चपटा डबा. मला पाहून नमस्कार करायच्या आधी त्यांनी त्या डब्यात डोकावून आकडा पाहिला, मोठ्यानं वाचला आणि मला म्हणाले, "यातले शंभरात तीन खोटे आहेत, बाई." मग सायकल भिंतीला टेकवून रीतसर हात जोडले.

सर विज्ञान शिकवत. शाळेत ते 'किती सर' म्हणून ओळखले जात. पोट्ट्यांना वाटायचं हे नाव सरांना माहीत नाही. सरांना ते पक्कं माहीत होतं आणि आवडतही होतं. कुणी काही म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "किती?" आमच्या भागात अंतर विचारलं की सगळं 'इथंच' असतं. पुढचं गाव इथंच, तलाव इथंच, दवाखानाही इथंच. चालून चालून पायाचे तुकडे पडले तरी माणूस म्हणणार, "आलंच ना जी, इथंच तर हाये." सरांना या 'इथंच'चा फार राग. "इथंच म्हणजे किती?" असं ते बैलगाडीवाल्याला थांबवून विचारत. तो बिचारा बैलांकडे पाहायचा.

पहिल्या दिवाळीच्या आधी एकदा स्टाफरूममध्ये मी सहज म्हणाले, "घरची फार आठवण येते, सर." त्यांनी वहीतून डोकं वर करून विचारलं, "किती?" मी चिडले. हा काय प्रश्न झाला? मी उठून वर्गावर निघून गेले. संध्याकाळी सर दारात उभे. म्हणाले, "शनिवारी सकाळची शाळा झाली की लागलीच निघायचं. पवनीहून गाडी धरायची, नागपूरला बदलायची. रात्री जेवायला घरी. रविवारी दुपारी निघालं की परत. मी स्टँडवर विचारून आलो. इतकं दूर नाही तुमचं घर." मी त्या शनिवारी गेले. माझी आठवण त्यांनी एस.टी.च्या गाड्यांमध्ये मोजून माझ्या हातात दिली होती.

आता त्या मीटरबद्दल सांगायला हवं, कारण सर म्हणजे निम्मे सर आणि निम्मं ते मीटर.

सुरुवातीला म्हणे त्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून एक मैल मोजायचं यंत्र आणलं होतं. चाकाच्या तारेला एक खुंटी, ती खुंटी प्रत्येक फेऱ्याला यंत्राच्या दातावर आपटायची आणि आकडा पुढे सरकायचा. कोरड्या रस्त्यावर ते बरं चालायचं. पण धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, सायकल नेली की चिखल दातात बसायचा. घरी आल्यावर यंत्र सांगायचं, सर कुठे गेलेच नाहीत.

मग बाजारात खिशातला कॅल्क्युलेटर निघाला. त्यात एकदा चाकाच्या घेराचा आकडा घालून मिळवणीची खूण दाबून ठेवली, की पुढे बरोबरच्या खुणेचं बटण जितक्यांदा दाबू तितक्यांदा तो तेवढाच आकडा मिळवत जातो. सरांनी त्या बटणाला दोन तारा जोडल्या आणि त्या खाली चाकापर्यंत नेल्या. चाकाच्या स्पोकला लोहचुंबक बांधला. चाक एकदा फिरलं की चुंबक तारांच्या टोकाशी बसवलेल्या पत्तीला ओढायचा, तारा जुळायच्या, बटण दाबलं जायचं. हा शोध लागला तेव्हा सर जेवायचं विसरले होते, असं वहिनी सांगत. पण हँडल वळवून वळवून तारा तुटायच्या. एकदा डांबरी रस्त्याच्या कडेला सायकल लावली तर बकरीनं तार चावून टाकली. सर म्हणाले, "तार आहे तोवर भांडण आहे. तारच नको."

आणि तार गेली. चाकाजवळ साबणाच्या डबीत त्यांनी एक पेन्सिल सेल आणि दोनचार बारीक सुटे भाग बसवले. प्रत्येक फेऱ्याला ती डबी हवेत एक टिक् सोडायची. हँडलवरचा ट्रान्झिस्टर ती ऐकायचा आणि शेजारच्या डब्यातल्या कॅल्क्युलेटरचं बटण दाबून घ्यायचा. शिवाय मोहल्ल्यातले सगळे रेडिओही ती ऐकायचे, हा त्यातला दोष. पण कुणी तक्रार केली नाही. उलट सर कुठे पोचले हे सगळ्यांना घरबसल्या कळायचं.

यंत्र चांगलं की वाईट हे ठरवायचा अधिकार वहिनींचा होता. प्रत्येक वेळी नवा फेरफार केला की सर सायकल त्यांच्यासमोर उभी करत आणि स्वतः दूर जाऊन हात मागे बांधून उभे राहत. काही सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. "जे यंत्र समजावून द्यावं लागते ते अर्धंच झालं," असं ते म्हणत. वहिनी सायकल चालवत नसत. चौथीपर्यंत शिकलेल्या, घरात सतत काहीतरी करत असलेल्या. त्या पदराला हात पुसत यायच्या आणि डब्यात पाहायच्या.

"अजी, याच्यात काईच दिसत नाई. तुमचं तोंड दिसते."

दुपारच्या उन्हात कॅल्क्युलेटरचे लाल आकडे खरोखरच दिसत नसत. दुसऱ्या दिवशी डब्यावर पत्र्याची टोपी आली. मग वहिनी म्हणाल्या, "बटनं इतकी बारीक. माह्या शेणाच्या हातानं एक दाबाव तं तीन दाबतात." त्यावर सरांनी एक मोठं लाकडी बटण कोरलं, जुन्या खाटेच्या पायाचं. वहिनींनी ते अंगठ्यानं दाबलं, आकडे पुसून शून्य झालं, आणि त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. सरांचा सकाळपासूनचा हिशेब त्यात गेला.

यंत्राचे गुण सांगायला सर कधी उत्सुक नसत. दोष मात्र विचारायच्या आधी सांगत. चाकातली हवा कमी झाली की लाखांदूर दूर जातं. फटफटी बाजूनं गेली की दोनचार फेरे फुकटचे लागतात. पावसात डबी ओली झाली की यंत्र मुकं. एकदा आभाळ गडगडत असताना सायकल ओसरीत उभी होती आणि तिनं उभ्या उभ्या बराच प्रवास केला. सर कौतुकानं पाहत बसले होते. "प्रत्येक यंत्र खोटं बोलते, बाई," ते मला म्हणाले. "घड्याळ बोलते, वाण्याचा काटा बोलते. किती बोलते तेवढं आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं."

सरांचं मूळ गाव लाखांदूरपासून जवळच. मोहटोला म्हणूया त्याला. एका मोठ्या तलावाच्या काठची पंचवीस-तीस घरांची वस्ती. तिथं त्यांचा धाकटा भाऊ दसरथ वडिलांची शेती पाहायचा. टोल्याला शाळा नव्हती. पोरं तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेत जात. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी पाळीच्या एका खोलगट जागेवरून वाहून जाई. तिला सगळे सलंग म्हणत. सलंग चालू झाली की ती वाट बुडायची आणि मोठ्या रस्त्यानं पार वळसा घालून जावं लागायचं. मुलगे कसेबसे जात. मुली घरी बसत. दसरथची पुष्पा तेव्हा दहा-एक वर्षांची होती. दरवर्षी पावसाळ्यात तिचे दोन-तीन महिने बुडायचे आणि दरवर्षी ती मागे पडायची.

टोल्यानं शाळेसाठी अर्ज केला. नियम असा होता, की जवळच्या शाळेपासून अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर नवी शाळा. तालुक्याच्या कचेरीतून शिक्षणाचे विस्तार अधिकारी पाहणीला येणार होते. पण पाळीवरून जीप जात नाही. मग मोजायचं कशानं? दसरथनं अभिमानानं सांगितलं, "आमच्या दादाच्या सायकलीले मीटर हाये. बिनतारी." साहेबांना गंमत वाटली. म्हणाले, चालेल.

तो रविवार होता, उन्हाळ्याचे दिवस. वहिनींनी मलाही सोबत चला म्हटलं. टोल्यातली सगळी माणसं मारोतीच्या ओट्यापाशी जमली होती. साहेब साधे, घामेजलेले, खिशाला पेन. सरांनी चाकात हवा भरली, लाकडी बटण दाबून शून्य केलं आणि साहेबांना आधीच सांगून टाकलं, "शंभरात तीन इकडे-तिकडे." साहेब हसून म्हणाले, "तेवढं आम्ही धरून घेऊ, सर." सर सायकलवर, मागे दुसऱ्या सायकलवर साहेब, आणि त्यांच्या मागे चालत आम्ही सगळे.

उन्हाळी धानाला पाणी द्यायला पाळीच्या मध्यावर कुणाचं तरी रॉकेलवर चालणारं इंजिन बसवलेलं होतं. ते धडधडत होतं. त्याच्या जवळून जाताना सरांनी मान जरा वाकडी केलेली मी दुरून पाहिली. ते हळू झाले, मग पुढे गेले.

आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या दारात साहेब डब्यात डोकावत होते. त्यांनी आकडा वाचला. मर्यादेच्या वर होता. चांगलाच वर. मागे गलका झाला. दसरथनं डोक्याचा दुपट्टा काढून हवेत फिरवला. साहेबांनी कागद बाहेर काढला.

"साहेब, थांबा," सर म्हणाले. "हा आकडा नाही धरायचा."

"का हो?"

"इंजिनाच्या ठिणगीची टिकटिक ट्रान्झिस्टरनं ऐकली. चाक फिरलं नाही तितकं त्यानं मोजलं. इंजिन बंद करून पुन्हा मोजू."

दसरथ पुढे आला. "दादा, काहून थांबवून राह्यला साहेबाले? भरलं ना अंतर!"

"भरलं नाई, दसरथ. इंजनानं भरवलं."

"मंग भरवू दे ना! इंजन का परक्याचं हाये? आपल्याच गावचं हाये."

काही जण हसले. सर हसले नाहीत. साहेब पेन हातात धरून दोघांकडे पाहत होते. मला वाटतं त्यांना तो आकडा चालला असता. त्यांनी एकदा म्हटलंही, "सर, तुमचं यंत्र, तुमचा शब्द. बघा."

"म्हणूनच म्हणतो," सर म्हणाले.

इंजिन बंद केलं. सर पुन्हा मारोतीच्या ओट्यापासून निघाले. या वेळी मागे कुणी चालत आलं नाही. साहेब आणि मी, दोघंच. पाळ इतकी शांत झाली होती की ट्रान्झिस्टरमधली टिकटिक आम्हाला मागून ऐकू येत होती. शाळेच्या दाराशी आकडा वाचला. थोडक्यात कमी. ते शंभरातले तीन धरूनही कमी, पण अगदी थोडक्यात.

सर म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात ही वाटच नसते. तेव्हा पोरं रस्त्यानं वळसा घालतात. ते अंतर धरा ना."

"नियमात पावसाळा नाही, सर," साहेब म्हणाले. त्यांनाही ते बोलताना वाईट वाटत असावं, कारण त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. कागद खिशात ठेवला आणि मोठ्या गावात उभ्या असलेल्या जीपकडे चालू लागले.

जेवण दसरथच्या घरी ठरलं होतं. आम्ही तिकडे गेलो. ओसरीवर पानं मांडलेली होती, पण दसरथ घरात नव्हता. त्याच्या बायकोनं मान खाली घालून वाढलं. पुष्पा दाराआडून पाहत होती. सरांनी दोन घास खाल्ले आणि पाणी पिऊन उठले.

त्या रात्री काय झालं ते वहिनींनीच मला नंतर सांगितलं. त्यांनी सरांना एवढंच विचारलं होतं, "खोटं मीटर बोललं असतं, तुमी तं नाई. मंग काहून बोलले?"

"मले आयकू आलं ना, वत्सला," सर म्हणाले. "मीटरले मालूम नव्हतं. मले मालूम होतं."

त्यावर वहिनींनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण मला सांगताना त्या म्हणाल्या, "बरोबरच केलं बाई त्याहीनं. पर मी असती तं नसती बोलली." हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या, की मी काय केलं असतं याचा विचार मीही बरेच दिवस करत राहिले. माझं उत्तर दर वेळी वेगळं यायचं.

दसरथनं सरांशी बोलणं टाकलं. टोल्यातले इतरही टाळू लागले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात, पाहुण्यांना निरोप जातात. त्या वर्षी मोहटोल्याहून सरांना निरोप आला नाही. सरांनी वहिनींना सांगितलं, माझं पोट ठीक नाही, नाहीतरी आपण गेलो नसतोच.

त्याआधीचा पावसाळा जोराचा झाला होता. सलंग चालू झाली ती बंदच होईना. पुष्पा घरी बसली आणि या वेळी पाणी ओसरल्यावरही परत गेली नाही. धाकटं भावंड सांभाळायला कुणीतरी हवंच होतं, आणि तिच्या वयाच्या मुली वर्गात उरल्या नव्हत्या.

हे कळलं तेव्हा सर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. मला म्हणाले, "पुष्पाले शाळेतून मी काढलो, बाई." मी काहीबाही समजूत घालायला लागले. नियम, पाऊस, भाऊ. त्यांनी हात पुसले. "नाही. सगळं मी नाही. पण काही मी." या वेळी मी विचारलं नाही, किती. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारपासून ते मोहटोल्याला जाऊ लागले. दसरथच्या अंगणात जाऊन खाटेवर बसायचे, पुष्पाला हाक मारायचे आणि पाटी काढायला लावायचे. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. आम्ही अंगणात शिरलो आणि दसरथ घराच्या मागच्या दारानं बाहेर पडला. घराला वळसा घालून माझ्या बाजूनं गेला तरी त्यानं ओळख दिली नाही. सर बेरजा सांगत राहिले. पुष्पा हुशार होती, पण सारखी आत कानोसा घ्यायची. भावंड रडलं की पाटी ठेवून धावायची. सर थांबायचे. ती आली की तिथूनच पुढे सुरू करायचे. दर रविवारी दसरथ मागच्या दारानं जायचा, आणि दर रविवारी अंगणात झाडून खाट टाकलेली असायची. ती कोण टाकतं हे सरांनी विचारलं नाही.

दरम्यान त्यांनी मीटर दुरुस्त केलं. ट्रान्झिस्टरला पत्र्याचं वेष्टण, आत काही फेरफार, डबी चाकाच्या अगदी जवळ. एक दिवस मला भातगिरणीपाशी घेऊन गेले. गिरणीवाल्याचं जुनं रॉकेल इंजिन सुरू होतं. सायकल उभी, आकडा जागचा हलत नव्हता. मोहल्ल्यातल्या रेडिओंनाही आता टिकटिक ऐकू यायची नाही. "झालं," सर म्हणाले. "आता ऐकत नाही ते कुणाचं." आणि हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. वहिनींना मात्र त्या दिवसापासून चहा केव्हा ठेवायचा ते समजेना. दोन-चारदा चहा उकळून आटला, तेव्हा त्यांनी चिडून सांगितलं, "अजी, ते आवाजवालंच बरं होतं. सुधारून ठेवलं ना बिघडवून!"

पुढल्या पावसाळ्यात सर तालुक्याच्या कचेरीत खेटे घालू लागले. साहेब कधी दौऱ्यावर, कधी बैठकीत. शेवटी भेटले. सरांनी अर्ज-बिर्ज काही दिला नाही. एवढंच म्हणाले, सलंग चालू आहे, एकदा येऊन पाहा. आणि साहेब आले. का आले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. नियम तर बदललेला नव्हता.

ती हकीकत सरांनी स्टाफरूममध्ये सांगितली. धो धो पाऊस, रोवणा चालू, बायका बांध्यांत वाकून धानाची रोपं लावताहेत. साहेब पाळीवर छत्री धरून उभे. पुढं वाट नाही, फक्त पांढरं पाणी. मग जीपमध्ये बसून ते रस्त्यानं वळसा घालून शाळेपर्यंत गेले.

"तुमचं यंत्र नाही आणलं, सर?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्याच गाडीचं मीटर पाहा, साहेब," सर म्हणाले. "ते आमच्या गावचं नाही."

साहेबांनी आपल्या शेऱ्यात वाट वर्षातले काही महिने बंद असते असं लिहिलं. तो कागद कुठे कुठे फिरला कुणास ठाऊक. साहेबांची बदली झाली. दुसऱ्या वर्षी टोल्याला एका खोलीची शाळा मंजूर झाली. सरपंचानं आणली, असं सगळे म्हणाले. उद्घाटनाला मंडप पडला, हार-तुरे झाले. सरांना कुणी बोलावलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्या दिवशी ते दिवसभर घरात बसून चांगला चालणारा ट्रान्झिस्टर उघडून साफ करत होते.

शाळा पहिली-दुसरीपासून सुरू झाली. पुष्पाचा त्यात मेळ बसेना; पोट्ट्यांमध्ये बसायला ती लाजायची. नव्या गुरुजींनी वरचे वर्ग निघाल्यावर तिचं नाव घातलं आणि ती चौथी पास झाली, रविवारच्या शिकवणीच्या बळावर. पुढे ती शिकली नाही. निकालाच्या दिवशी सरांनी शाळेत पेढे वाटले आणि मला पेढा देताना हळूच म्हणाले, "टोल्याची शाळा आली, बाई. पुष्पाची नाही आली."

त्यानंतर माझी बदली भंडाऱ्याला झाली. लग्न, घर, मुलं. वहिनींची खुशाली अधूनमधून कळायची. सर निवृत्त झाले आणि लाखांदूरचं घर सोडून दोघं मोहटोल्याला राहायला गेली असं ऐकलं. दसरथशी त्यांचं पुढे काय झालं हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

काही वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, आमच्या जुन्या शाळेतल्या एका शिपाईमामांच्या निरोप समारंभाला मी लाखांदूरला गेले. श्रावणाच्या आधीचे दिवस होते. परतताना संध्याकाळची एस.टी. पकडली. मोहटोल्याच्या फाट्याजवळ समोरून बैलगाड्या आल्या म्हणून ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मी खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेनं एक सायकल चाललेली. चालवणारे कापगते सर. केस पांढरे झालेले, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला, चिखलाचा रस्ता म्हणून दोन्ही हात हँडलवर घट्ट. आणि मागे कॅरिअरवर, पाय दोन्हीकडे सोडून, दसरथ बसला होता. त्याच्या दोन्ही हातांत रोवण्यासाठी उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या होत्या. त्यांच्या मुळांतून पाणी गळत होतं. तो पुढे वाकून सरांच्या कानाशी मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होता आणि सर मान हलवून नाही नाही म्हणत होते. भांडत असावेत. नाहीतर कुठल्या बांधीत आधी रोवणा करायचा हे ठरवत असावेत.

मी खिडकीतून हाक मारली, "सर!"

सरांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. रस्ता घसरडा होता, त्यांना मान वळवता येत नव्हती. पण दसरथनं वर पाहिलं. क्षणभर त्याला ओळख पटेना. मग पटली. त्यानं एका हातातली जुडी मांडीवर ठेवली, भावाच्या खांद्यावर थाप मारून त्याला काहीतरी सांगितलं, आणि चिखलानं भरलेला तो मोकळा हात, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत, दोघांच्या वतीनं माझ्यासाठी उंच धरून ठेवला.